‘कट्यार’चा चित्रपट: नाटक न पाहिलेल्याने बोलूच नये काय?

(नागपूरच्या रामदासपेठ, महाल आणि सदर या तीन वस्त्यांतील रसिकांचा लेखी वाद; बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याची वस्ती दिली आहे.)

रामदासपेठ: ‘कट्यार काळजात घुसली’चा 2015 चा चित्रपट म्हणजे मूळ संगीत नाटकाची भडक नक्कल आहे आणि वसंतराव देशपांडे यांनी रंगवलेला खाँसाहेब न पाहिलेल्यांनी त्याची भलामण करू नये, असे महालकर काकांनी काल लिहिले. नाटक 1967 चे. वसंतराव 1983 साली गेले. त्यानंतर जन्मलेल्या आम्ही गप्प बसायचे काय? दोष मलाही दिसतात. खाँसाहेबांच्या पत्नीने त्यांचे प्रतिस्पर्धी गायक पंडितजी यांना आवाज जावा म्हणून शेंदूर खाऊ घातला, असे दाखवल्यामुळे दोन गायकींचा झगडा घरगुती कारस्थानावर येऊन थांबतो. तरीही पंडितजी स्वतःच खाँसाहेबांना मिरजेहून विश्रामपूरला घेऊन येतात, या पूर्वकथेमुळे पुढचा दुरावा अधिक जिव्हारी लागतो, आणि हे धाडस सुबोध भावे यांनी दिग्दर्शक म्हणून पहिल्याच चित्रपटात केले.

महाल: धाडसाने गाणे उभे राहत नाही. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद पंडितजी एका चालीत गातात आणि खाँसाहेब दुसऱ्या; साऱ्या नाटकाचा वाद त्या दोन चालींत आहे. वडिलांच्या शेजारी बसून मी तो ऐकला, तेव्हा रागांची नावेही मला ठाऊक नव्हती, पण भांडण कशाचे आहे ते कळले होते. चित्रपटात डोळे राजवाड्याच्या झगमगाटातच अडकतात. शिवाय नाटकाचे संगीतकार अभिषेकीबुवा यांचे नाव सगळे घेतात, पण नाटक आणि पदे लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तर आपल्या नागपूरचे, रंजन कला मंदिर ही नाट्यसंस्था उभारणारे, हे आपल्याच गावात सांगावे लागते!

सदर: सांगावे लागते, कारण आपण नाटकाला जात नाही. मागे एका संगीत नाटकाच्या प्रयोगाला मी गेलो, तर पुढच्या चार रांगांनंतर सभागृह रिकामे होते. काका, त्या दिवशी आपण कुठे होता?

महाल: माझी हजेरी घेण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? पत्नीच्या आजारपणात दोन वर्षे मी घराबाहेर पडलो नाही.

सदर: ते मला ठाऊक नव्हते. तो प्रश्न मी मागे घेतो. रिकाम्या खुर्च्यांविषयीचे म्हणणे मात्र कायम आहे.

रामदासपेठ: त्या खुर्च्यांसाठीच सांगतो. माझ्या सोळा वर्षांच्या मुलीने आधी चित्रपट पाहिला, मग वसंतरावांची जुनी ध्वनिमुद्रणे शोधून ऐकली, आणि आता ती महालात एका बाईंकडे गाणे शिकायला जाते.

महाल: चित्रपटातल्या ‘अरुणि किरणी’ या गाण्यासाठी गायक महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. चित्रपटात खाँसाहेबांसाठी वसंतरावांचा नातू राहुल गायला, तिथे मी डोळे मिटून घेतले होते, हेही खरे. शेंदराचा प्रसंग मात्र मला आजही मान्य नाही. मुलीला माझ्याकडे पाठवा. दोन्ही चालींची जुनी कॅसेट अजून वाजते.