टाकीवरचा डबल टेपचा चिकटा काही केल्या निघून नाई रायला

काळी_माती_यवतमाळ:
राजेहो, मदत पायजे. चुलतभावाच्या लग्नात नवरदेव घोड्यावर नाई तं माह्या गाडीवर आणायचा असं पोट्ट्यायनं ठरवलं, अन् मले न विचारता टाकीवर अन् दोन्ही साईड पॅनलवर डबल टेप मारून झेंडूची फुलं, थर्माकोलची अक्षरं, काय काय चिकटवलं. लग्न झालं, फुलं सुकली, अन् गाडी तशीच आठ दिवस मंडपाजवळ उन्हात उभी, कारण मी पाहुण्यायले बसस्टँडवर पोचवण्यातच होतो. आपल्याकडचं ऊन तं माहीतच हाय, ४५ च्या खाली उतरत नाई. टेपचा फोम ओढला तं तुकडे तुकडे होऊन निघाला, खाली मात्र बोटभर रुंदीचे पिवळट पट्टे राह्यले. आता त्याच्यावर फुफाटा बसते, घरात थोडा कापूस भरून हाय त्याचे तंतू उडून चिकटते, टाकीले निरा दाढी आल्यावाणी दिसते. बायको म्हणते वस्तरा फिरवा आता.

साबणाच्या गरम पाण्यानं धुतलं, खोबरेल तेलात खायचा सोडा कालवून घासलं, तं चिकटा पसरला अन् चमकीवर बारीक बारीक गोल रेघा आल्या. एका कोपऱ्यात अर्धं ब्लेड लावून पाह्यलं, ओरखडा गेला तसा हात आखडला. गाडी काळी, ग्लॉसी. टाकी दोन वर्षांआधी पडल्यामुळं रिपेंट केलेली हाय, साईड पॅनल कंपनीचेच. दोस्त म्हणते थिनर मार, दोन मिनिटांत साफ. मारू का?

पंपाजवळचा_भाऊ:
थिनर कायले पायजे भाऊ, फडक्यावर पेट्रोल घ्या अन् पुसा. आम्ही इतक्या वर्षांपासून नंबर प्लेटचे, फायनान्सवाल्यायचे, सगळे स्टिकर पेट्रोलनंच काढतो, काही होत नाई. पयले राकेलनं करायचो, आता ते रेशनवर दिसतच नाई.

कलरवाला_आर्वी:
थांबा, थिनरचा डबा आधी बाजूले ठेवा. माह्यं कामच हे हाय, डेंटिंग-पेंटिंग, म्हणून जराक लंबं लिहितो.

कंपनीचा कलर भट्टीत भाजलेला असते, थिनरचा एखादा हात तो सहन करून घेते. पण तुमची टाकी रिपेंट हाय. तालुक्याच्या ठिकाणी स्वस्तातलं काम बरेचदा एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंटमध्ये होते, अन् एनसी म्हणजे त्यातला थिनर उडून गेला की वाळलेला कलर, पुन्हा थिनर लागला की पुन्हा ओला, मंग फडक्यावर चिकटा अन् कलर दोन्ही येते. हार्डनर टाकून पीयू (पॉलियुरेथेन) कलर मारला असंल तं बराच टिकते. पाहायचं असंल तं सीट काढा, टाकीचं मागचं टोक सीटखाली जाते तिथं पांढऱ्या फडक्यावर दोन थेंब थिनर घेऊन जराक घासा. फडकं काळं झालं किंवा जागा चिकट लागली तं एनसी समजा. साईड पॅनलले तं थिनर अन् नेलपॉलिश रिमूव्हर दाखवूच नका, ते प्लास्टिक पांढरं पडते, बारीक भेगा जाते, मंग पॅनलच बदलावं लागते.

आता चिकट्याचं. त्याले घासाल तितका पसरते, त्याले तेल पाजायचं. मेडिकलमधून निलगिरी तेलाची बाटली आणा, जुन्या बनियनची पट्टी त्यात भिजवून चिकट्यावर ठेवा, वरून पन्नी दाबा म्हणजे तेल उडणार नाई, अन् १० मिनिटं हात लावू नका. मंग अंगठ्यानं एकाच दिशेनं रेटा, शेवया वळल्यावाणी वळून येते. जास्त जाड असंल तिथं जुनं एटीएम कार्ड आडवं धरून ढकला. ब्लेड नाई. खायचा सोडाही नाई, तो बारीक पॉलिश पेपरच समजा, त्या गोल रेघा त्याच्याच हायेत. दोनतीनदा करा, शेवटी भांडे घासायच्या लिक्विडनं तेलकटपणा धुऊन घ्या. आधी सीटखाली एक थेंब टाकून पाहाच, निलगिरीही कच्च्या कलरवर अर्धा तास ठेवायची वस्तू नाई.

अन् हे सकाळी सकाळी निंबाखाली करा, टाकी थंड असतानी. दुपारी पत्र्यावर हात ठेववत नाई, तेल लावलं की उडालंच.

पंपाजवळचा भाऊ, पेट्रोल चालते, मी नाई म्हणत नाई, पण कंपनीच्या कलरवर. एनसीवर चमक मरते. अन् करायचंच तं इंजिन थंड पायजे, जवळ बिडी नको.

मोर्शीची_बाग:
इकडं आमच्या घरी डब्यायवरचे लेबल संत्र्याच्या सालीनं काढतात, हसू नका. सालीच्या तेलात ९० टक्क्यांच्या वर लिमोनीन असते, तेच चिकटा सोडवते. साल दाबून तो फवारा फुगलेल्या फुग्यावर उडवून पाहा, फुगा फटकन फुटते. पण वैशाखात ताजी साल कुठून आणाल, मृग बहाराची संत्री केव्हाच उतरली. अन् खरं सांगू, लेबल निघते, तुमच्यासारखा उन्हात भाजलेला टेप नुसत्या सालीनं हलणार नाई, निलगिरीच घ्या.

काळी_माती_यवतमाळ:
काल सकाळी साडेसहाले बसलो. सीटखाली थिनर लावला अन् फडकं काळंभोर! एनसीच निघाला, बरं झालं विचारलं. निलगिरीचा थेंब मात्र पचला. पॅनलवरचा चिकटा पयल्याच पट्टीत वळून आला, टाकीवर तीनदा लावा लागलं. निघतानी चहाच्या सायीवाणी सुरकुत्या पडते पयले, मंग सुटते. कापसासकट निघाला राजेहो. आंगणात असा वास सुटला की आई विचारते कोणाले सर्दी झाली.

दोन गोष्टी राह्यल्या. टाकीवर टेपच्या कडेची हलकी रेघ दिसते, अन् तो ब्लेडचा ओरखडा खोल हाय, आतून पिवळं दिसून रायलं.

कलरवाला_आर्वी:
रेघेले चिमूटभर रबिंग कंपाऊंड (कलर घासून चमकवायची पेस्ट), ओल्या सुती फडक्यावर, हातानंच, मशीन नको. सोड्याच्या रेघाही त्यातच जाईन. टाकीच्या धारेवर घासू नका, तिथं कलर पातळ असते.

पिवळं दिसते ती लांबी हाय, म्हणजे कलरच्या आधी पत्र्याचे खड्डे भरायले लावतात ती पुट्टी. तिथं कंपाऊंड लावू नका, टचअपच लागंल. पाऊस लागायच्या आत करा, लांबी पाणी पिते अन् खालून पत्रा गंजते, मंग फुगा येते.

काळी_माती_यवतमाळ:
हाव, मृगाच्या आधी आणतो गाडी. तोवर त्याच्यावर काय लावू, चिकटपट्टी?

कलरवाला_आर्वी:
भाऊ, काहीच चिकटवू नका.