घरी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना पडण्यापासून बचाव कसा शिकवावा?

प्रश्न:
नमस्कार. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या असून दुपारभर घरी एकट्या असतात. मागच्या पावसाळ्यात त्या न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडले नाही, पण तेव्हापासून त्या चालणेच टाळतात. ‘जपून चाला’ असे आम्ही सारखे सांगतो, त्याने त्या अधिकच धास्तावतात. त्यांचा मान राखून हे कसे शिकवावे?

उत्तर १:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. ‘जपून चाला’ म्हटल्याने नेमके काय करायचे ते कळत नाही, भीती मात्र वाढते. भीतीपोटी चालणे कमी झाले की मांड्यांची ताकद जाते, तोल बिघडतो आणि पुन्हा पडण्याची शक्यता उलट वाढते. म्हणून व्यायामापासून आरंभ करावा. न्यूझीलंडमध्ये विकसित झालेला ओटागो व्यायामक्रम घरच्या घरी करण्यासाठीच असून त्याचा भर पायांची ताकद आणि तोल यांवर आहे. खुर्चीतून उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीलगत एका पावलापुढे दुसरे पाऊल टेकवत चालणे, हे प्रकार आपण त्यांच्यासोबत करावेत. प्रथम फिजिओथेरपिस्टकडून तपासणी करून घ्यावी आणि सुरुवातीला कोणीतरी जवळ असावे.

उत्तर २:
औषधांकडेही पाहा. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे उठताना चक्कर येते. सासूबाईंना आधी झोपवून आणि मग उभे करून रक्तदाब मोजायला डॉक्टरांना सांगावे. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल, तर औषधांचा फेरविचार करावा लागतो. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नये. रात्री उठताना पलंगाच्या कडेवर थोडे बसून, पावले हलवून मगच उभे राहण्याची सवय लावावी.

उत्तर ३:
घरातील बदल परस्पर करू नका. सासूबाईंबरोबर घरभर फिरा आणि कुठे अडखळायला होते, हे त्यांनाच विचारा. सरकणारे पायपुसणे, उंबरठा, पायात येणारी साडी हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. न्हाणीघरात आधाराची दांडी भिंतीत पक्की बसवून घ्यावी, कारण टॉवेलची दांडी शरीराचा भार पेलत नाही. पडल्यावर कसे उठावे, हेही शिकवावे: दुखापत नसेल तर आधी कुशीवर वळून, मग हातगुडघ्यांवर येऊन, भक्कम खुर्चीच्या आधाराने. दुपारी फोन त्यांच्या अंगावरच्या पिशवीत राहील असे पाहा. तो टेबलावर असेल, तर पडल्यावर जमिनीवरून हात पोहोचत नाही.