दिवसभर वावरात राबतो, मंग पुन्हा फिरायले कायले जाऊ?

धुऱ्यावरचा:
राम राम मंडळी. वय ४४, सात एकर वावर, पऱ्हाटी अन् तूर. मागच्या महिन्यात मोठ्या भावाची अँजिओप्लास्टी झाली, तो ५१ चा, तोही कास्तकारच. तेव्हा डॉक्टरनं मलेही तपासलं तं बीपी १४६/९२ निघाला, म्हणे मीठ कमी करा अन् रोज अर्धा तास जोरात चाला. आता सांगा, मी पाठीवर १६ लिटरचा पंप घेऊन फवारणी करतो, हे काय कमी आहे का? गावातून नुसताच हात हलवत निघालो तं पारावरचे म्हणतात, काऊन बे, घरून हाकललं का. खरंच गरज आहे का शहरातल्या लोकांचं आपल्याले चिकटवून देतात?

सालदार_नाही_मालकही_नाही:
भाऊ राग नको मानू, पण वर्षातले किती दिवस पंप पाठीवर असते ते मोज एकदा. मीही तुह्यासारखाच बोलत होतो. मंग हिशेब मांडला, वावरात जायले गाडी, वखरणी ट्रॅक्टरनं, निंदण अन् वेचणी बाया करतात, मी धुऱ्यावर उभा राहून फोनवर बोलतो. तूर निघाली का मिरगापर्यंत पारावरच. वैशाखात पोरानं फोनमध्ये पावलं मोजून दाखवली, दिवसभराची १९००, त्यातली अर्धी पानठेल्यावर जाऊन येऊन. चूप बसलो.

उपकेंद्रवाली_ताई:
दादा, वावरातलं काम वाया जात नाही, पण ते थांबत थांबत होतं. वजन घेऊन वाकलं, जोर लावला की तेवढ्या वेळात बीपी उलट वर जातो. चालण्यात मोठे स्नायू सलग हलतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, काही आठवडे नेमानं केलं की बीपी थोडा उतरतो, साखरही आटोक्यात राहते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलेलं माप आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं असं आहे, धावलात तर ७५ ते १५० पण चालतात. जोरात म्हणजे किती, तर सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. आणि कामाचा फरक पडतो हे खरंच आहे बरं का, लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर अन् कंडक्टर यांचा अभ्यास मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली छापला, दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी निघाला. आता तुम्ही गाडीवरून वावरात जाता म्हणजे त्यातले कोण ते तुम्हीच बघा.

पण आधी एक ऐका. सख्ख्या भावाला ५५ च्या आत हे झालं म्हणजे तुमचा धोका जास्तच धरतात. चालताना छातीवर दाब येतो अन् थांबलं की जातो, असं होतं का? होत असेल तर चालणं राहू द्या, आधी डॉक्टर अन् ईसीजी. बीपी एकदाच मोजून भागत नाही, उपकेंद्रावर येऊन पुन्हा मोजा, तिशीच्या पुढच्यांची बीपी-शुगर तपासणी फुकट आहे. कोलेस्टेरॉलही बघून घ्या.

मालकीणबाई:
खर्रा, तो तंबाखू-सुपारीचा, खाता का ते कोणी विचारलंच नाही! आमचे हे रोज चार किलोमीटर चालतात अन् परत येताना दोन खर्रे घोटून आणतात, काय फायदा. आणि उन्हाळ्यात सात वाजले की बाहेर निघू नका, चालायचं तर साडेपाचलाच.

धुऱ्यावरचा:
ताई, छातीचं तसं काही नाही, पण ईसीजी काढून घेतो. खर्रा... आहे. एकाचा अर्धा केला, पुढचं पाहू. पारावरून हात हलवत जाणं काही जमलं नाही मले, म्हणून गाडी घरी ठेवून पांदणीनं वावरात जातो, दोन किलोमीटर जायचे दोन यायचे. अडचण एकच, कोणी ना कोणी गाडी थांबवते अन् म्हणते, बस मांगं.