कोआलाला नशा चढत नाही

कुणी कुणी म्हणतात की निलगिरीच्या पानांची नशा चढते म्हणून कोआला (ऑस्ट्रेलियातला झाडावर राहणारा प्राणी) लोळत असतो, तर तसं नाहीये हो. त्या पानांत कस कमी, वर ती विषारी, पचवण्यातच सगळी ताकद जाते, म्हणून बिचारा झोप नि आराम मिळून दिवसाचे १८-२० तास पडून असतो. कडक उन्हात खोडाला पोट चिकटवून, हातपाय सोडून पसरलेला दिसतो ना, ते अंग गार करायला, कारण खोड हवेपेक्षा थंड असतं, मला हे भारीच वाटतं! पण झाड बदलायला त्याला बऱ्याचदा खाली उतरावं लागतं, आणि तिथेच गाड्या नि कुत्री जीव घेतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांमध्ये २०२२ पासून तो संकटग्रस्त यादीत आहे, फार वाईट वाटतं.