दहावीची वाट कशाला पाहायची?

तुमच्या मुलाला अध्ययन अक्षमता (लिहिण्या-वाचण्यात किंवा गणितात सतत येणारी अडचण) असावी अशी शंका आहे, आणि 'परीक्षेतल्या सवलती दहावीला लागतात, अक्षमतेचं प्रमाणपत्र तेव्हा काढू' असं शाळेने सांगितल्याचं लिहिलंय तुम्ही, म्हणून हे. मुलगा चौथीत आहे ना? मग आत्ताच तपासून घ्या. अध्ययन अक्षमतेचं निदान साधारण तिसरीपासून, आठव्या वर्षानंतर करता येतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती समाविष्ट आहे. कलम 17मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहून देणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं स्पष्ट लिहिलंय. मुख्याध्यापकांना अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी ठरलेलं वर्गशिक्षिका बदलल्या की संपलं.

अर्थात खरी मदत वर्गातच होते. माझ्या भाचीचं फळ्यावरून उतरवताना 'प्रकाश'चं 'पकाश' व्हायचं, आणि निम्मा फळा पुसला जायचा. बाई तिला मजकुराची झेरॉक्स वहीत चिकटवायला द्यायला लागल्या, इतिहासाची उत्तरं तोंडी घेऊ लागल्या. पोरगी धडाधड बोलायची, शिवाय तारखांसकट!

आणखी एक, लेखनिकाचं. दुसऱ्याला सांगून लिहून घेणं वाटतं तितकं सोपं नाही. सहामाहीपासून घरी सराव सुरू करा, नाहीतर बोर्डाच्या पेपरात लेखनिक पेन धरून बसतो आणि मूल त्याच्या तोंडाकडे बघत राहतं.