मदत हवी आहे: भातलावणीच्या तीन पद्धतींचा हिशेब कसा मांडावा?

मावळ तालुक्यात आमची घरची भातखाचरे असून तेथे आम्ही इंद्रायणी हा भाताचा वाण घेतो. राब भाजणे (रोपांसाठीची जागा पालापाचोळा जाळून भाजणे), चिखलणी (खाचरात पाणी धरून चिखल करणे) आणि लावणी या रूढ पद्धतीत सर्वाधिक पैसा लावणीच्या मजुरीत जातो, कारण पाऊस लागला की सर्वांची घाई एकाच वेळी होते आणि माणसे मिळत नाहीत. म्हणून चारसूत्री लावणी पद्धत आणि नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचे सगुणा भात तंत्र यांची या पद्धतीशी तुलना मी मांडत आहे.

चारसूत्रीत १५ आणि २५ सेंटीमीटर अंतर आलटूनपालटून ठेवून दोरीवर लावणी करतात आणि चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या) मधोमध युरिया-डीएपी खतांची ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, खोचतात. खत वाहून जात नाही, पण लावणीला वेळ अधिक लागतो. सगुणा तंत्रात गादीवाफ्यावर (उंच केलेल्या सपाट वाफ्यावर) साच्याने बी टोकल्यामुळे चिखलणी आणि लावणी दोन्ही वाचतात, मात्र तणनाशकाचा खर्च येतो.

माझी खरी अडचण अशी, की गादीवाफे पुढील हंगामांतही तसेच वापरायचे असल्याने त्यांचा खर्च किती हंगामांत विभागावा? घरच्या माणसांची मजुरी धरावी का? ती न धरल्यास रूढ पद्धत उगीचच स्वस्त दिसते, असे माझे मत आहे. गुरे असल्यामुळे पेंढ्याची किंमतही सोडता येत नाही.

मावळ, मुळशी किंवा भोरमध्ये ज्यांनी शेजारशेजारच्या खाचरांत दोन पद्धती केल्या असतील, त्यांनी एकरी खर्च आणि उतारा कृपया कळवावा. उतारा भाताचा आहे की भरडलेल्या तांदळाचा, हेही लिहावे.