मदत हवी आहे: बहिणीला एअर ॲम्ब्युलन्सची पायलट व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

बांधीवाला:

नमस्कार मंडळी,

आम्ही गोंदिया जिल्ह्यातले, आमगाव तालुका. घरी धानाची शेती, मी एका राईस मिलमध्ये हिशेब बघतो. धाकटी बहीण यंदा बारावी झाली. सायन्स, पण बायोलॉजी ग्रुप, गणित घेतलं नव्हतं. नीटचे मार्क बरे आहेत, पण सरकारी एमबीबीएसला पुरणारे नाहीत. घरात बीएएमएस की नर्सिंग यावर खल चालू होता. तेवढ्यात बाईसाहेबांनी जाहीर केलं, मला पायलट व्हायचंय. तेही प्रवासी विमानावर नाही, पेशंट नेणाऱ्या विमानावर.

विमान तिला नवं नाही. बिरसी विमानतळावरची शिकाऊ विमानं इकडच्या आभाळात दिवसभर घिरट्या घालतात, रोवणीच्या बायासुद्धा आता वर बघत नाहीत. पण हे खूळ (आईचा शब्द) आलं मावशीकडून. मावशी गडचिरोलीत अहेरीकडे एएनएम, म्हणजे गावोगावची सरकारी नर्स आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं. अशा वेळी अडलेल्या बाईला पोलिसांच्या हेलिकॉप्टरने हलवल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. मावशी त्या भागातल्या गोष्टी सांगते आणि ही डोळे मोठे करून ऐकते. भामरागडहून गडचिरोली रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटर, आणि तिथून पुन्हा 'नागपूरले रेफर'.

आता माझ्या अडचणी. गणित नाही म्हणजे दरवाजा बंदच का? या कामाचा वेगळा कोर्स असतो का? खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो म्हणतात. आमची पाच एकर आहे आणि धानाचे चुकारे कधी हाती येतात हे मिलवाल्याला विचारूच नका. बँक शेतीवर कर्ज देईल का? शाळेतल्या तपासणीत ती सिकलसेलची वाहक निघाली होती, एएस. त्रास काहीच नाही, कबड्डी खेळते. पण मेडिकलमध्ये अडेल का?

आणि आई. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून उडालेलं शिकाऊ विमान बालाघाटच्या डोंगरात पडलं, दोघं गेले. आई तेव्हापासून विमानाचा आवाज आला की अंगणात येऊन बघते. तिला काय सांगू?

रेल्वेटोलीकर:

भाऊ, पन्नास लाखांत गोंदियात दोन मजली दवाखाना उभा राहते. पोरीले बीएएमएस करू द्या अन् दवाखाना काढून द्या. पायलट होऊन घरी बसलेली पोट्टेबी पाहिली हावो आमी.

सोनेगाव_अप्रोच:

वरच्यांचं म्हणणं कडू आहे, पण अगदी खोटं नाही. लायसन हातात घेऊन नोकरीची वाट बघणारे खूप आहेत, हे धरूनच पुढचं वाचा. मी काही वर्षं एअर ॲम्ब्युलन्सवर को-पायलट होतो.

वेगळा कोर्स नाही, वेगळं लायसनही नाही. आधी सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन काढायचं. विमानासाठी २०० तास उड्डाण, हेलिकॉप्टरसाठी १५०. या दोन वाटा पहिल्याच दिवशी फुटतात, आणि तुमच्या बहिणीच्या डोक्यात बहुधा दोन्हींची सरमिसळ आहे. भामरागडला उतरतं ते हेलिकॉप्टर. नागपूरहून चेन्नई-हैदराबादला पेशंट नेतं ते विमान. हेलिकॉप्टरच्या खुर्चीत आपल्याकडे बहुतेक सैन्यातून आलेले, हजारो तास उडालेले लोक असतात. नव्या सीपीएलवाल्याला तिथे शिरकाव फार कठीण, मिळाला तर आधी चार्टर नाहीतर समुद्रातल्या तेलविहिरींच्या फेऱ्या. विमानाची वाट त्यामानाने रुंद आहे. त्यासाठी सीपीएलवर मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर दिसत नसताना उपकरणांवर उडवण्याची परवानगी) लागतं, कारण ही विमानं बहुतेक किंग एअरसारखी दोन इंजिनांची असतात. सीटा काढून स्ट्रेचर, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर बसवतात. निवडणुकीच्या हंगामात तेच विमान सकाळी पुढाऱ्याला सभेला नेतं, हेही तिला आत्ताच सांगून ठेवा.

घराजवळची नोकरी मात्र विसरा. बहुतेक कंपन्यांची विमानं दिल्ली-मुंबईला उभी असतात, नागपूरचा कॉल आला की तिकडून रिकामं विमान येतं. छोट्या धावपट्ट्यांवर रात्री उतरण्याची सोय नसते, विमानतळाच्या ठरलेल्या वेळा असतात. म्हणून गोंदिया-चंद्रपूरचा पेशंट शेवटी १०८ ने नागपूरलाच येतो आणि तिथून उडतो.

गणिताचं सोपं आहे. फिजिक्स तिच्याकडे आहेच, बारावीचं गणित एनआयओएस या मुक्त शाळेच्या बोर्डातून एका विषयापुरतं देता येतं. पुष्कळांनी दिलंय.

सिकलसेलबद्दल घरी बसून निकाल लावू नका. एएस म्हणजे नुसती वाहक, एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रक्ताचा पूर्ण रिपोर्ट घेऊन डीजीसीएच्या (लायसन देणारं सरकारी विमान वाहतूक महासंचालनालय) यादीतल्या डॉक्टरकडे क्लास २ मेडिकल, म्हणजे पहिली तपासणी करा, मग लगेच क्लास १, सीपीएलला लागते ती. फॉर्मवर काही लपवायचं नाही. क्लास १ हातात येईपर्यंत कुठल्याही फ्लाइंग स्कूलला रुपया भरू नका, मग ते बिरसीचं असो, नागपूरचं असो की अमरावतीचं. 'आज भरा, डिस्काउंट' म्हणणारे भेटतील. त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

कर्जासाठी बँका सहसा शेती तारण घेत नाहीत, घर किंवा एनए प्लॉट मागतात. तुम्ही ओबीसी असाल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या नागपूर ऑफिसात चौकशी करा. नागपूर फ्लाइंग क्लबमधून वैमानिक प्रशिक्षणाची योजना त्यांनी आणली होती, नवीन बॅचची जाहिरात निघते का ते बघत राहा.

वॉर्ड_सतरा:

मी आयसीयूची नर्स, नागपूर. पेशंटसोबत उडालेली आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

पायलटला पेशंटचं फार काही सांगू नये, अशी चांगल्या टीममध्ये पद्धत असते. चार वर्षांचं बाळ आहे हे कळलं की माणूस ढगातून वाट काढायला बघतो. हवामान नाही म्हणजे नाही. आईला हे सांगा, दादा. चांगली पायलट 'आज जात नाही' म्हणते आणि बाहेर उभे नातेवाईक शिव्या घालतात तरी म्हणते. तुमच्या बहिणीला ते जमेल का, हे तुम्हीच ओळखाल.

कधी मात्र आम्हालाच कॅप्टनकडे जावं लागतं. वर केबिनचा दाब साधारण आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवतात, तिथे शरीरात अडकलेली हवा जवळजवळ एक तृतीयांशाने फुगते. छातीत हवा साठलेल्या पेशंटला आधी नळी टाकतो, तरी डॉक्टर सांगतात, केबिनचा दाब जमिनीसारखा ठेवा. त्यासाठी विमान खालून न्यावं लागतं, इंधन जास्त जळतं, कधी मध्ये कुठे उतरून भरावं लागतं. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला हवा इतकी विरळ होते की उडायलाही धावपट्टी जास्त लागते. गणिताशिवाय यातलं काही होत नाही, तेव्हा एनआयओएसचा पेपर नुसता पास होण्यापुरता देऊ नका म्हणावं.

रेल्वेटोलीकर:

ताई, हे माहीत नव्हतं. तरीबी पन्नास लाख म्हणजे पन्नास लाखच.

बांधीवाला:

सगळ्यांचे आभार. तिला धागा वाचून दाखवला. हेलिकॉप्टरचं ऐकून चेहरा उतरला, मग तिनेच विचारलं, सैन्यातून जाता येतं ना? एनडीए (सैन्याची प्रबोधिनी) आता मुलींना खुली आहे. सर, त्याबद्दल काय वाटतं?

सोनेगाव_अप्रोच:

खुली आहे, पण हवाई दलालाही बारावीला फिजिक्स-गणित लागतं. शिवाय सैन्याचं मेडिकल नागरीपेक्षा कडक असतं, सिकलसेलचा प्रश्न तिथे जास्त गंभीर होईल. वयाची मर्यादाही आहे. फॉर्म भरायला हरकत नाही, पण त्या भरवशावर वर्ष घालवू नका. गणित दोन्हीकडे लागणार आहे, ते आधी उरकून घ्या.

बांधीवाला:

ठरलं. एनआयओएसचा फॉर्म भरतो, परीक्षा एप्रिल आणि ऑक्टोबरला असतात असं दिसतंय. सिकलसेलचा रिपोर्ट नव्याने काढायला सोमवारी गोंदियाला जातोय. आई अजून बोलत नाही, पण नर्सताईंचं 'आज जात नाही' तिने दोनदा वाचायला लावलं. बीएएमएसची फेरी सोडावी का, यावर घरात एकमत नाही. क्लास २ चा निकाल येईपर्यंत सीट धरून ठेवली तर फी अडकते का, कुणाला अनुभव आहे?